लोकलचं भाडं वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी पासवाल्यांचं ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या पेपरात लोकलच्या भाड्यावरून पत्रं येतायत, ती सगळी मी वाचली. सूर बहुतेक एकच आहे, की बेस्टचं कमीत कमी तिकीट मे २०२५ पासून पाचाचं दहा झालं, एसटीने त्याच वर्षी जानेवारीत जवळपास पंधरा टक्के वाढवले, रिक्षात नुसतं बसलं तरी सव्वीस रुपये होतात, मग लोकलचंच पाच रुपयाचं तिकीट कुठवर चालवणार, भाडं वाढवा, जमलं तर खासगी कंपन्यांना चालवायला द्या, पैसा आला की सुधारणा आपोआप होईल. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण ह्या सगळ्यात पासवाल्यांची बाजू कुठेच आलेली नाही, आणि रोज ये-जा करणाऱ्यांत मोठा भरणा पासवाल्यांचाच असतो, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, जागेअभावी कापायचं तर कापा, पण हिशेबाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

हिशेब म्हणते कारण माझं कामच ते आहे. मशीद बंदरला एका पेढीवर मी बरीच वर्षं अकाउंट्स बघते आणि ठाण्याच्या पलीकडून लोकलने जाऊन-येऊन करते. तर पहिल्यांदा हे मान्य करते की लोकल स्वस्त आहे, खूपच स्वस्त आहे. सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण पंधरा सिंगल तिकिटांच्या हिशेबाने लावलेला असतो. महिन्याला पंचवीस दिवस कामावर गेलं, जाऊन-येऊन पन्नास फेऱ्या झाल्या, तर एक फेरी तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमीत पडते. कल्याण ते सीएसएमटी ५४ किलोमीटर, पास तीनशेच्या आसपास, म्हणजे फेरीला सहा रुपये. एवढ्या पैशात एवढं लांब नेणारी दुसरी कुठली गाडी मुंबईत नाही. त्यामुळे भाडं जास्त आहे, आमच्यावर अन्याय होतोय, असं मी म्हणणार नाही, माझ्या डब्यातलं कुणी तसं म्हणतही नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. लोकलचं भाडं गेल्या काही वर्षांत वाढलेलंच आहे. तिकिटावरचा आकडा तोच ठेवून गाडी बदलली गेली, आणि ही वाढ कुठल्याच चर्चेत येत नाही कारण ती कधी जाहीर झाली नाही.

एसी लोकलचं बोलतेय मी. पहिली एसी लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली, बोरिवली-चर्चगेट. सुरुवातीची काही वर्षं ती बरीचशी रिकामी धावायची कारण भाडं फर्स्ट क्लासच्याही वर होतं. मग मे २०२२ मध्ये एसीचं सिंगल तिकीट निम्म्यावर आणलं आणि तेव्हापासून तिला गर्दी व्हायला लागली, पासाला मात्र ती सूट मिळाली नाही. आज साध्या गाडीचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आणि एसीचं ३५, म्हणजे सातपट, आणि कल्याणहून सीएसएमटीचा एसीचा पास दोन हजारांच्या घरात जातो. एसी लोकल वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाहीये, दारं बंद होतात, माणूस पडत नाही, मे महिन्यात ऑफिसला पोचल्यावर अंगावरचा ड्रेस पिळून काढायची वेळ येत नाही. ह्या शहराला ती हवीच आहे.

अडचण अशी की सकाळच्या वेळेला रुळांवर जागाच नाहीये, तीन-चार मिनिटांनी एक गाडी आधीच धावतेय, मध्ये आणखी एक घुसवणार कुठून. मग एसीची फेरी वाढवायची तर एक साधी फेरी काढतात आणि तिच्या वेळेला एसी चालवतात. आता त्या साध्या गाडीत गर्दीच्या वेळी पाच हजारांच्या आसपास माणसं असतात, रेल्वेवाल्यांच्याच भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड', एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं उभी. ह्यातली मूठभर माणसं एसीचा पास काढतात, आणि बाकीची सगळी पुढच्या साध्या गाडीच्या वाट्याला येतात, जी मागच्या स्टेशनांवरूनच खचाखच भरून आलेली असते. पास तेवढ्याच पैशात मिळतो पण त्या पासावर चालणाऱ्या गाड्या कमी झाल्या. दुकानदाराने भाव तोच ठेवून पुड्यातला माल कमी केला तर आपण त्याला भाववाढच म्हणतो ना, मग हिला का नाही म्हणायचं?

फलाटावर हे रोज बघायला मिळतं. इंडिकेटरवर एसी लागलं की लेडीजच्या जागेला उभ्या असलेल्या बायका दोन पावलं मागे सरकतात. गाडी येते, आठ-दहा जणी रेटून चढतात, कुणाची तरी बॅग नाहीतर ओढणी दारात अडकते, ती आत ओढून घेईपर्यंत दार लागत नाही आणि दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही, तेवढ्यात मागची गाडी सिग्नलला खोळंबते. मागे राहिलेल्यांत घरकामाला जाणाऱ्या बायका बऱ्याच असतात, दोन-तीन स्टेशनं पुढे जाऊन चार घरची धुणीभांडी, पोळ्या करणाऱ्या. त्यांचा पास शंभर रुपयांचा, प्लास्टिकच्या पाकिटात आधारच्या झेरॉक्सबरोबर घडी करून ठेवलेला. त्यातली एक जण मला म्हणाली, "ताई, माझी गाडी गेली ती गेलीच, आता पुढच्या गाडीत घुसायला मिळालं तर बरं, नाहीतर पहिलं घर हातचं जाईल." तिच्यासाठी ही भाडेवाढच आहे, आणि तीही पन्नास-शंभराची नाही, एका घरच्या अख्ख्या पगाराची. ऑफिसवाल्यांचं तेच, तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात, तो पैसा रेल्वेच्या कुठल्याच खात्यात दिसत नाही पण आमच्या पगारातून जातोच.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेवर साध्या फेऱ्यांच्या जागी दहा एसी फेऱ्या घातल्या तेव्हा कळव्याला आणि बदलापूरला लोक रस्त्यावर, रुळावर उतरले आणि थोड्याच दिवसांत त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. टीव्हीवर मात्र तेव्हा असं दाखवलं की लोकांचा एसी लोकलला विरोध आहे. लोकांनी मागितलं काय होतं, तर आमची रोजची गाडी आम्हाला परत द्या, एवढंच. त्यानंतरही फेऱ्या बदलणं थांबलेलं नाही, फक्त ते एकदम न होता थोडं थोडं होतंय त्यामुळे बोभाटा होत नाही.

गर्दीचं नुसतं हाल होतात म्हणून सांगत नाहीये. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा भागात वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून गेल्या, दोन्हीकडे दारात लटकलेली माणसं होती, ती एकमेकांना घासली आणि खाली पडली, त्यात जीव गेले. सगळी कामाला जाणारी माणसं. २०२३ ह्या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २५९० माणसं दगावली, म्हणजे दिवसाला सात. हा आकडा हायकोर्टापुढे आला होता आणि माणसांना अशा तऱ्हेने प्रवास करावा लागतो ह्याची आम्हाला लाज वाटते असं २०२४ मध्ये कोर्टानेच सुनावलं होतं. सहा रुपयात प्रवास होतो म्हणून ज्यांना वाटतं की आम्ही काही देत नाही, त्यांनी हा आकडा पण त्या सहा रुपयांच्या शेजारी मांडावा.

मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वेने एक चांगली गोष्ट जाहीर केली आणि तिच्याबद्दल पाहिजे तेवढं कुणी बोलत नाही. एसी नसलेली पण दारं आपोआप बंद होणारी लोकल. दाराला हवा खेळायला झडपा, छतावरून बाहेरची हवा आत घेणारी यंत्रणा, आणि डबे आतून एकमेकांना जोडलेले म्हणजे एका डब्यातली गर्दी दुसऱ्या डब्यात पसरू शकेल. ही गाडी साध्या पासावर चालली पाहिजे. मला विचाराल तर सगळा जोर हिच्यावर लावायला हवा, कारण आज पाच आणि पस्तीस ह्यांच्यामध्ये सेकंड क्लासवाल्याला पायरीच नाहीये, एकतर लटका नाहीतर सातपट द्या.

आता पैशाचं. भाडं वाढवा म्हणणारे जो मुद्दा मांडतात तो खोटा नाहीये. लांबच्या गाड्यांच्या तिकिटांवर मध्यंतरी छापूनच यायचं की प्रवासाच्या खर्चातला सरासरी ५७ टक्केच भाग भाड्यातून वसूल होतो. उरलेला बराचसा मालगाड्यांच्या उत्पन्नातून भरून काढतात, म्हणजे कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य ह्यांच्या वाहतुकीवर जास्त दर लावून. तो दर पुढे विजेच्या बिलात नाहीतर सिमेंटच्या गोणीत जाऊन बसतो, फुकट काहीच नसतं. पण लोकलचा तोटा म्हणून जो आकडा सांगतात तो ऐकला की अकाउंट्सवाल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो की खर्च वाटला कसा? सीएसएमटी, दादर, ठाणे, कल्याण ही स्टेशनं लोकलचीही आहेत आणि मेल-एक्स्प्रेसचीही. रूळ, सिग्नल, वीज, सफाई, पोलीस, ह्यातलं किती लोकलच्या माथी टाकायचं ह्यावर तोटा दुप्पटही दाखवता येतो आणि निम्माही. स्टॉलची भाडी, डब्यावरच्या जाहिराती, स्टेशनालगतच्या जमिनी, ह्यातलं किती लोकलच्या खात्यात जमा धरायचं हाही तसाच प्रश्न. शिवाय उपनगरी तिकिटात एमयूटीपीचा, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा, अधिभार धरलेला असतो, म्हणजे मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांसाठी आम्ही भाड्याच्या वर पैसे मोजतोच आहोत, हे किती जणांना माहितीये? पूर्वी निदान रेल्वेचं वेगळं बजेट असायचं, एक दिवस तरी देशभर रेल्वेच्या पैशाची चर्चा व्हायची, २०१७ पासून तेही मोठ्या बजेटमध्ये विरघळलं.

२०१४ ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या जूनमध्ये नवीन सरकार आल्या आल्या १४.२ टक्के भाडेवाढ जाहीर झाली आणि त्याच्याबरोबर पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर करायचं ठरलं, म्हणजे पास एका फटक्यात दुपटीच्या वर. मुंबईत हाहाकार उडाला, पास जुन्या भावात मिळावा म्हणून खिडक्यांवर रांगा लागल्या, सत्ताधारी पक्षांचेच खासदार दिल्लीला धावले आणि चार दिवसांत पासाचं सगळं पूर्ववत झालं, ८० किलोमीटरपर्यंतच्या सेकंड क्लास लोकलची भाडेवाढही मागे घेतली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. पण त्या दिवसापासून लोकलच्या भाड्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही आणि वरचे पैसे कोण देणार हेही कुणी ठरवत नाही. जुलै २०२५ ला लांबच्या गाड्यांचं भाडं किलोमीटरला एक-दोन पैशांनी वाढवलं, डिसेंबरात परत वाढवलं, दोन्ही वेळा लोकल आणि पास वगळले. मतांसाठी ते सोयीचं आहे. पण ह्याचा परिणाम असा झाला की रेल्वेच्या लेखी सेकंड क्लासचा पासवाला म्हणजे नुसता बोजा. ज्याच्याकडून काही मिळत नाही त्याच्यासाठी जास्तीची गाडी कोण सोडेल? एसीची एक फेरी घातली तर उत्पन्न दिसतं, साध्याची घातली तर तोटा. स्वस्त भाडं गोठवून ठेवायचं आणि फरकाचे पैसे कुणी द्यायचे ते लिहायचंच नाही, ह्यातून हे झालंय.

जर्मनीत काय केलं बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोत महिनाभर देशातल्या सगळ्या लोकल गाड्या-बसने फिरा अशी योजना आणली, मग मे २०२३ पासून ४९ युरोचा कायमचा पास आला. त्यात होणारी तूट केंद्राने आणि राज्यांनी निम्मी-निम्मी उचलायची, वर्षाला दीड-दीड अब्ज युरो, असं ठरवून केलं. पुढे पैसे कमी पडले तेव्हा पास ५८ चा केला आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ चा. म्हणजे तिथेही भाडं वाढलंच, पण कोण किती देतंय हे लोकांना दिसत होतं आणि भांडणही उघड झालं. आमच्याकडे मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन आहे, तिच्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९, पण ते नवीन रूळ, पूल, गाड्यांसाठी. रोजची गाडी चालवण्यातली तूट राज्याने उचलायची का, किती उचलायची, ह्याबद्दल कुठे करार नाही.

खासगी करा म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. इंग्लंडने नव्वदीच्या दशकात रेल्वे तोडून रूळ एका कंपनीला आणि गाड्या पंचवीसेक कंपन्यांना दिल्या. रूळवाली कंपनी काही वर्षांतच बसली आणि २००२ मध्ये ते काम नेटवर्क रेलकडे गेलं, भाडी तर युरोपात सगळ्यात महागांपैकी म्हणून बदनाम. आता मे २०२५ पासून एकेक कंपनी परत सरकारच्या ताब्यात घेतायत. जपानचं उदाहरण देतात ते मात्र विचार करण्यासारखं आहे, १९८७ ला तिथली सरकारी रेल्वे तोडून कंपन्या केल्या आणि तोक्योकडच्या कंपन्या चांगल्या चालल्या. पण तिथे एक गोष्ट आपले लोक सांगत नाहीत. नोकरदाराचा पास तिथे बहुतेक ठिकाणी कंपनी काढून देते. पॅरिसमध्ये तर कायदाच आहे, पासाचे निम्मे पैसे मालकाने द्यायचे, शिवाय अकरा आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांकडून वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात. मला हे फार पटतं. नरिमन पॉइंट, बीकेसी, लोअर परळच्या टॉवरांत ज्यांची ऑफिसं आहेत त्यांना बदलापूर, विरार, पनवेलहून माणूस सकाळी नऊला दारात हजर मिळतो तो कुणाच्या जोरावर? लोकल एक दिवस पावसाने बंद पडली की अर्धं शहर बंद पडतं. मग तिच्या तुटीत त्यांचा वाटा का नको? भाडेवाढीची चर्चा चालली की नेहमी एकच खिसा तपासतात, प्रवाशाचा.

खासगी आणि सरकारी भागीदारीचा अनुभव आपल्या घरीच आहे की. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ ला सुरू झाली तीच भाड्याच्या भांडणात, सरकार म्हणत होतं ९ ते १३ रुपये, कंपनी म्हणत होती १० ते ४०, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी भाडं १० ते ४० वर गेलं. मेट्रो ३ तर सरकारीच आहे, ऑक्टोबर २०२५ ला कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, तिचं भाडं १० ते ७०. दोन्ही मेट्रो छान आहेत, मी स्वतः जाते कधी कामाला. पण रोज जाऊन-येऊन सत्तर-सत्तर मोजायचे तर माझ्या पेढीवरच्या पोऱ्याचा चौथा हिस्सा पगार त्यातच जाईल, त्यामुळे मेट्रो आली म्हणून लोकलचा भार हलका होईल असं कुणी धरून चालू नये.

सगळ्यात मला जे टोचतं ते हे, की लोकलच्या बाबतीत आम्हाला विचारायची पद्धतच नाही. विजेचे दर वाढवायचे तर राज्याचा वीज नियामक आयोग प्रस्ताव जाहीर करतो, हरकती मागवतो, सुनावणी घेतो, कुणीही जाऊन बोलू शकतो. रिक्षा-टॅक्सीचं भाडं वाढवायला खटुआ समितीचं सूत्र आहे, इंधन किती, देखभाल किती, आकडेमोड समोर असते. मेट्रोला कायद्याने भाडे निश्चिती समिती आहे. आणि पाऊणशे लाख लोकांना रोज नेणारी लोकल? तिचं भाडं दिल्लीत ठरतं, १९८९ च्या रेल्वे कायद्यात तो अधिकार केंद्र सरकारचा आहे, एक परिपत्रक निघतं की झालं. एप्रिल २०१७ मध्ये भाड्यावर सल्ला द्यायला रेल्वे विकास प्राधिकरण स्थापायला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती, त्याचं पुढे काहीच झालेलं दिसत नाही. आणि भाड्याचं निदान परिपत्रक तरी निघतं, साधी फेरी काढून एसी घालायची तर तेवढंही लागत नाही, टाइमटेबल बदललं की विषय संपला.

मार्च २०२० मध्ये मेल-एक्स्प्रेसमधली ज्येष्ठांची सवलत काढली, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती, ती कोविडचं कारण सांगून थांबवली आणि कोविड गेला तरी आली नाही. विचारायची पद्धत नसली की असं होतं. आईला गावी नेताना दरवेळी मला ते आठवतं.

आता पुढचं मोठं प्रकरण येतंय. एमयूटीपी ३ आणि ३ए खाली २३८ नव्या एसी लोकल आणायचं चाललंय, आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलंय की सेकंड क्लासचं भाडं न वाढवता सगळ्या लोकल एसी करू. हे झालं तर मुंबईचं भलं होईल, मनापासून म्हणते. पण एसी गाडीला वीज जास्त लागते, देखभाल जास्त लागते, गाडीच महाग असते. तो वरचा पैसा दरवर्षी कोण भरणार, केंद्र की राज्य, हे लिखित हवं, नाहीतर चार वर्षांनी गाड्या सगळ्या एसी झालेल्या असतील, साधी एकही उरलेली नसेल आणि मग सांगतील की परवडत नाही, आता भाडं वाढवावंच लागेल. तेव्हा पासवाल्याकडे दुसरी गाडीच नसेल. म्हणून जोपर्यंत साध्या पासावर बंद दाराची गाडी, एसी असो की बिनाएसी, प्रत्यक्ष रुळावर येत नाही तोपर्यंत गर्दीच्या वेळेची एकही साधी फेरी काढू नका, ही आत्ताची मागणी आहे आणि ती करायला एक रुपयाही खर्च नाही.

आणि मी भाडं वाढवायच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. माझ्यासारखी महिन्याला पन्नास-शंभर जास्त देऊ शकते आणि देईन, दार बंद होत असेल आणि गाडी वेळेवर येत असेल तर डब्यातल्या बऱ्याच जणी देतील, आम्ही बोललोय ह्यावर. शंभरच्या पासवाल्या बायकांचं मात्र तसं नाही, वांगणीहून काठी टेकत येणाऱ्या आणि डब्यात चाव्यांच्या रिंगा, रुमाल विकून घर चालवणाऱ्या आंधळ्या माणसांचं नाही, दादरच्या फूल मार्केटमधून गाठोडी घेऊन लगेजच्या डब्यात बसणाऱ्यांचं नाही. त्यामुळे वाढवायचंच तर लांबचे, फर्स्ट क्लासवाले, मालक मंडळी, जागावाले, सगळ्यांचा वाटा ठरवून वाढवा आणि कमी अंतराचा पास आहे तिथेच ठेवा.

तर आपल्या पेपरला माझी विनंती अशी आहे की भाडं वाढवावं की नाही असा कौल घेण्याऐवजी रेल्वेकडे आणि राज्य सरकारकडे तीन कागद मागा. मुंबई उपनगरी सेवेचा खर्च वाटपाचा तपशील, गेल्या पाच वर्षांत गर्दीच्या वेळच्या किती साध्या फेऱ्यांची एसी झाली त्याची यादी, आणि २३८ गाड्यांच्या चालवण्याचा खर्च कोण उचलणार त्याचा करार. ते छापा, मग मुंबईत विजेसारखी जनसुनावणी ठेवायला लावा. फक्त ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला चर्चगेटच्या कुठल्या हॉलमध्ये ठेवू नका, तिथे पासवाला येऊच शकणार नाही. ठाणे, वसई, पनवेल अशा ठिकाणी, संध्याकाळी आठनंतर ठेवा, आणि रविवारी ठेवायची झाली तर त्या मार्गावर मेगाब्लॉक नाही ना तेवढं बघून ठेवा.

आपली नम्र,
एक पासधारक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)